पहाऱ्याच्या रात्री जन्मलेले इंजिन

सिलिंडर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा गॅसचा सिलिंडर येतो. नंबर लावला का, आला का, किती दिवस पुरला! गाडीच्या इंजिनातही सिलिंडर असतात, ते चार बरे की सहा बरे यावर घरातली पुरुषमंडळी तासभर वाद घालू शकतात, आणि आपण तेवढ्यात चहाचे कप उचलून आत जातो. 'हा तुमचा विषय नाही' असे कुणी तोंडाने म्हणत नाही. आपणच ते धरून चालतो. मला मात्र यंत्रांचा इतिहास वाचायला आवडतो, कारण त्यात माणसे भेटतात. आज अशाच एका सहा सिलिंडरच्या इंजिनाची हकिकत सांगणार आहे. इंग्लंडमधल्या जॅग्वार कंपनीचे ते इंजिन. त्याचे नाव 'एक्सके'. 1948 साली ते जगापुढे आले आणि 1992 पर्यंत नव्या गाड्यांत बसत राहिले. चव्वेचाळीस वर्षे! एका मुलीचा जन्म होऊन तिच्या लेकीचे लग्न व्हावे एवढा हा काळ.

ही कंपनी मुळात इंजिने बनवणारी नव्हतीच. विल्यम लायन्स नावाचा विशीतला तरुण आणि त्याचा भागीदार विल्यम वॉम्स्ली यांनी 1922 मध्ये ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावात मोटारसायकलच्या साइडकार बनवायला सुरुवात केली. मोटारसायकलला शेजारी जोडलेली ती एकचाकी बैठक आपण सिनेमात पाहिलेली आहे. लायन्सला चित्रकलेचे किंवा इंजिनिअरिंगचे मोठे शिक्षण नव्हते, पण नजर अशी की वस्तूची रेघ कुठे वळली पाहिजे ते त्याला नेमके कळे. साइडकारवरून तो मोटारींच्या सांगाड्यांकडे, म्हणजे बॉडीकडे वळला. 1928 मध्ये सगळा संसार कोव्हेंट्री या मोटारींच्या गावी हलवला. गाड्या दिसायला देखण्या आणि किमतीने बेताच्या, अशी त्याची ख्याती झाली.

पण त्या देखण्या गाड्यांच्या पोटातले इंजिन दुसऱ्याचे असे. स्टँडर्ड नावाच्या शेजारच्या कंपनीकडून ते यायचे. लोक म्हणत, रूप आहे पण अंगात जोर नाही. आपल्याकडे नव्या सुनेला असे टोमणे ऐकावे लागतात ना, तसेच हे! लायन्सला ते लागत असणार. त्याने 1935 मध्ये विल्यम हेन्स या इंजिनिअरला मुख्य म्हणून आणले, आणि पुढे वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे दोघे येऊन मिळाले. आता स्वतःचे इंजिन करायचे, हे ठरत होते. तेवढ्यात महायुद्ध आले.

कारखान्यात गाड्या बनणे बंद झाले. सैन्यासाठी साइडकार आणि विमानांचे भाग बनू लागले. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्रीवर तासन् तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली. शेकडो वर्षांचे मोठे चर्च जळून नुसत्या भिंती उरल्या. त्या भिंती आजही तशाच उभ्या ठेवल्या आहेत आणि शेजारी नवे चर्च बांधले आहे. त्या काळी आकाशातून लहान लहान आगलावे बॉम्ब पडत. ते वेळीच विझवले नाहीत तर अख्खी इमारत पेटे. म्हणून प्रत्येक कारखान्यात रात्री आळीपाळीने माणसे पहाऱ्याला बसत. आग कुठे लागते का बघायचे, लागली तर वाळू-पाणी घेऊन धावायचे.

लायन्सने एक युक्ती केली. रविवारच्या रात्रीच्या पहाऱ्यावर तो स्वतः, हेन्स, हॅसन आणि बेली असे एकत्र बसतील अशी पाळी लावून घेतली. भोवती अंधार, खिडक्यांना काळे पडदे, वर विमानांचा आवाज येईल की नाही याची धास्ती. आणि हे चौघे बोलत बसले कशावर, तर युद्ध संपल्यावर लोक ज्या गाडीत बसून फिरायला जातील तिच्या इंजिनावर. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून जरा वेळ गप्प बसले होते. उद्या सकाळी कारखाना जागेवर असेल की नाही याची खात्री नाही, अशा रात्री माणसे शांतताकाळातल्या वस्तूचे माप ठरवत होती. संकटात उद्याचा विचार करणे म्हणजे काय, हे आपल्या घराघरांतल्या आज्यांनी दुष्काळात बियाण्याची मडकी झाकून ठेवून दाखवले आहेच. हे तसेच, फक्त लोखंडातले.

आता ते बोलत होते ते काय, हे थोडे समजून घेऊ. घाबरू नका, आपल्या घरातल्या वस्तूंनीच समजते.

पायमशीन आठवा. आपला पाय वरखाली होतो आणि चाक मात्र गोल फिरते. मधली जी वाकडी दांडी असते तिची ही करामत. इंजिनात पायाच्या जागी दट्ट्या असतो. त्याला पिस्टन म्हणतात. तो सिलिंडरच्या नळकांड्यात वरखाली होतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटले की तो खाली ढकलला जातो आणि खालची वाकडी दांडी, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरते. आमच्या बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला गेलात तर असे क्रँकशाफ्ट घडवणारे, घासून मापात आणणारे कारखाने दिसतील. आमच्याकडे तो शब्द बाजारात भाजी-भाकरीसारखा ऐकू येतो.

मग सहा सिलिंडर कशाला? उखळात दोघी मिळून कांडायला बसल्या की एकीचे मुसळ वर, दुसरीचे खाली, अशी लय लागते. लय जमली की हात दुखत नाहीत आणि जमीनही हादरत नाही. इंजिनातही तेच. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन दट्ट्ये वर जाताना दोन खाली येतात. पण गंमत अशी की दट्ट्या वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगाने धावतो आणि खालच्या अर्ध्यात कमी. त्यामुळे वरचा आणि खालचा धक्का एकमेकांना पुरता फेडत नाही. थोडी थरथर शिल्लक राहते. सहा सिलिंडर एका ओळीत ठेवून त्यांच्या तीन जोड्या वर्तुळाच्या तीन सारख्या भागांवर बसवल्या, की ही उरलेली थरथरसुद्धा आपसात फिटून जाते. म्हणून ओळीतले सहा सिलिंडरचे इंजिन मऊ चालते. बोनेटवर उभे केलेले नाणे पडत नाही अशी त्याची बढाई मारतात, ती अगदीच खोटी नसते.

लांब बांबूवर ओले कपडे वाळत घातले की तो मध्ये वाकतो, म्हणून आपण टेकू देतो. क्रँकशाफ्ट सहा दट्ट्यांचा म्हणजे लांब, आणि त्यावर दणके बसणार. या मंडळींनी त्याला सात ठिकाणी आधार दिला. प्रत्येक दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एक. खर्च वाढला, पण दांडी भक्कम झाली.

खरा वाद झाला तो वरच्या भागाबद्दल. सिलिंडरमध्ये हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची दारे असतात. त्यांना झडपा म्हणतात. साध्या गाड्यांत त्या झडपा खालून लांब काड्यांनी ढकलून उघडत. हेन्सचे म्हणणे पडले की झडपा उघडणारे दांडे थेट डोक्यावरच बसवू, आत येण्याच्या झडपांना एक, बाहेर जाण्याच्या झडपांना दुसरा. म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळेल. त्या काळी अशी रचना शर्यतीच्या किंवा श्रीमंतांच्या महागड्या गाड्यांत असे. ती आवाज करते, महाग पडते, साध्या मेकॅनिकला जमत नाही, असे आक्षेप होते. लायन्सने हेन्सची बाजू उचलली. त्याला आणखी एक हवे होते: बोनेट उघडले की इंजिनही देखणे दिसले पाहिजे. वरची दोन लांबट झाकणे चकचकीत अॅल्युमिनियमची झाली ती त्यामुळे. आत स्फोट होण्याची जागा उलट्या वाटीसारखी अर्धगोल केली. हवा कुठून कशी वाहते याचा नाद असलेल्या हॅरी वेस्लेक या तज्ज्ञाने तिचे मार्ग मोजूनमापून घासूनपुसून दिले. चुलीच्या धुराड्याची रचना बिघडली की घरभर धूर कोंडतो, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पहिल्या प्रयत्नात काही हाती लागले नाही. एक्सएफ, एक्सजी, एक्सजे अशा नावांनी एकामागून एक नमुने झाले. काही चार सिलिंडरचे, एकात काड्यांची जुनी पद्धत, एकात साखळीचा आवाज फार. जे त्यातून तावून सुलाखून निघाले ते एक्सके. 83 मिलिमीटर रुंदीचे सहा सिलिंडर, दट्ट्याची धाव 106 मिलिमीटर, एकूण माप 3442 घनसेंटिमीटर, आणि ताकद 160 अश्वशक्ती. मधल्या काळात, 1945 मध्ये, कंपनीचे नावही बदलले होते. आधी ती 'एसएस' होती. हिटलरच्या काळ्या पोशाखातल्या दलाचे नावही तेच, तेव्हा ते कोण ठेवणार? गाडीच्या एका मॉडेलचे 'जॅग्वार' हे नाव कंपनीला दिले.

इंजिन केले होते एका मोठ्या चार दारांच्या कौटुंबिक गाडीसाठी. ती गाडी काही वेळेवर तयार होईना. ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनला अर्ल्स कोर्ट येथे मोठे प्रदर्शन होते. तिथे इंजिन दाखवायला म्हणून घाईघाईने एक दोन आसनी उघडी गाडी बनवली. ती 'एक्सके 120'. 120 म्हणजे ताशी 120 मैल. थोड्याच गाड्या बनवायचा बेत होता. पण लोकांची झुंबड उडाली. कर सोडून किंमत 998 पौंड. एवढ्या पैशात एवढा वेग, कुणाचा विश्वास बसेना. म्हणून मे 1949 मध्ये बेल्जियममधल्या याब्बेके गावच्या सरळ रस्त्यावर पत्रकारांसमोर गाडी पळवली, आणि ताशी 132.6 मैलांचा वेग नोंदला गेला. पुढच्या पाच वर्षांत सुमारे 12,000 गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक परदेशात. युद्धाने कंगाल झालेल्या इंग्लंडला डॉलर मिळवून देणाऱ्या वस्तूंत या गाडीची गणना झाली.

आणि इथे आपल्यासाठी एक नाव सांगायचे आहे. पॅट. लायन्सची थोरली मुलगी. 1950 मध्ये तिचे इयान ॲपलयार्ड या शर्यतपटूशी लग्न झाले, आणि 'एनयूबी 120' नंबरच्या पांढऱ्या एक्सके 120 मध्ये दोघांनी आल्प्स पर्वतातली कठीण रॅली सलग तीन वर्षे, 1950, 1951 आणि 1952, एकही दंडाचा गुण न घेता पूर्ण केली. त्याबद्दल मिळालेला सोन्याचा चषक त्या रॅलीच्या इतिहासातला पहिला होता. रॅलीत शेजारच्या आसनावरचे माणूस म्हणजे मिरवायला बसलेले नव्हे. नकाशा, घड्याळ, पुढचे वळण, उरलेली मिनिटे, सगळा हिशेब तिच्या मांडीवर. तरी जुन्या लिखाणात गाडीचा नंबर ठळक आणि पॅटचे नाव ओळीच्या शेवटी, असे पुष्कळदा दिसते. गाडी चालवणाऱ्याला वाट सांगणारी बाई ही काय आपल्याला नवी आहे होय?

1952 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या मोंलेरी येथे याच इंजिनाची एक गाडी सात दिवस आणि सात रात्री पळत राहिली. चौघे चालक पाळ्या करत होते. 16,851 मैल, सरासरी ताशी शंभर मैलांहून थोडी जास्त. वेगापेक्षा मला तो दम मोठा वाटतो. एका दिवशी धावणारे पुष्कळ असतात.

ल मॉं या फ्रेंच गावी चोवीस तासांची शर्यत होते. तिथे हे इंजिन 1951, 1953, 1955, 1956 आणि 1957 असे पाच वेळा जिंकले. इतिहासाची पुस्तके ही यादी अभिमानाने देतात. पण 1955 वर जरा थांबावे लागते. त्या वर्षी लायन्सचा एकुलता एक मुलगा जॉन, पंचवीस वर्षांचा, शर्यतीला निघाला होता. फ्रान्सच्या रस्त्यात त्याची गाडी अमेरिकन लष्कराच्या वाहनाला धडकली आणि तो गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 11 जूनला, शर्यत चालू असताना एक मर्सिडिज गाडी दुसऱ्या गाडीला धडकून प्रेक्षकांत उडाली. ऐंशीहून जास्त माणसे मेली. मोटारशर्यतीच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा अपघात. मर्सिडिजने रात्रीच माघार घेतली. जॅग्वार धावत राहिली आणि जिंकली.

त्या विजयाचे काय करायचे? मला अजून उत्तर सापडलेले नाही. लायन्सची बायको ग्रेटा, 1924 पासून त्याच्या संसारात. तिने मुलगा गमावला त्याच महिन्यात नवऱ्याच्या कारखान्याचे नाव वर्तमानपत्रांत विजेता म्हणून छापून आले. कारखान्याचा वारसदार गेला, इंजिन मात्र चालूच होते. पुढे धंदा सांभाळायला घरचे कुणी उरले नाही. 1966 मध्ये लायन्सने आपली कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन केली. त्यामागे जॉनच्या जाण्याचाही भाग होता असे त्याच्याबद्दल लिहिणारे सांगतात.

आता शिवणाची गोष्ट. जाणती शिंपीण वाढत्या मुलीचे पोलके शिवताना आत थोडे कापड दाबून ठेवते. पुढच्या वर्षी शिवण उसवली की पोलके पुन्हा अंगाला येते. हेन्स आणि मंडळींनी इंजिनात तसेच कापड सोडले होते. सिलिंडर रुंद करत 3.4 लिटरचे 3.8 लिटर झाले. 1961 ची सुप्रसिद्ध ई टाइप गाडी त्यावरच निघाली. तेवढ्यावर न भागता 1964 मध्ये 4.2 लिटर झाले. तेव्हा बाहेरची लांबी न वाढवता आतल्या सिलिंडरांची अंतरे इकडची तिकडे सरकवून जागा काढली. दुसऱ्या बाजूने दट्ट्याची धाव कमी करून 2.4 लिटरचे लहान भावंडही केले. मूळ रचना तीच. दोष नव्हते असे नाही. पेट्रोल पिण्यात हात सैल, आणि मागच्या बाजूने तेल ठिबकण्याची खोड शेवटपर्यंत गेली नाही. पण अंगात उरलेली ताकद आणि मजबूत हाडे यामुळे नवे इंजिन करायची गरज कित्येक वर्षे पडली नाही.

आणि मग ते कुठे कुठे गेले ते बघा. इंग्लंडच्या पोलिसांच्या गाड्यांत गेले, आणि त्यांच्यापुढे पळणाऱ्या बँक लुटारूंच्या गाड्यांतही. डेनिस कंपनीच्या आगीच्या बंबात बसले. आग कुठे लागते म्हणून रात्री जागणाऱ्यांनी ठरवलेले इंजिन आग विझवायला धावले, ही गोष्ट मला फार आवडते. पण तेच इंजिन जोर थोडा कमी करून 1970 च्या दशकात 'स्कॉर्पियन' नावाच्या हलक्या रणगाड्यातही बसले. 1982 च्या फॉकलंड युद्धात ते रणगाडे होते. त्याच घराण्यातले 'समॅरिटन' नावाचे वाहन मात्र जखमी सैनिकांना उचलून आणणारी रुग्णवाहिका. मारायला जाणारे आणि वाचवायला जाणारे, दोघांच्या पोटात एकच हृदय.

आपण घडवलेली वस्तू कुणाच्या हातात जाईल हे घडवणाऱ्याच्या हातात नसते. बॉम्बच्या भीतीखाली बसून शांततेची गाडी ठरवणाऱ्यांना, आपले इंजिन पुढे रणगाड्यात बसेल हे कुणी सांगितले असते तर ते काय म्हणाले असते? त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण नुसते कौतुक करून पान उलटावे असेही वाटत नाही. विळी भाजी चिरते आणि बोटही कापते, हे जिला माहीत आहे ती विळी जपून ठेवते. यंत्रांच्या बाबतीत हे जपून ठेवणे कुणाचे काम, हा प्रश्न पुरुषांच्या गप्पांत फारसा येत नाही. तो आपण विचारायला हरकत नाही.

लायन्स 1985 मध्ये वारला. त्याच सुमारास नव्या जातीची इंजिने येत होती आणि एक्सके हळूहळू बाजूला होत होते. शेवटपर्यंत ते टिकले डेमलर नावाच्या लांबलचक लिमोझिन गाडीत. राजघराणे ती वापरत असे. नगराध्यक्ष वापरत. लग्नात नवरीला त्याच गाडीतून आणत आणि अंत्ययात्रेत शवपेटीही त्याच जातीच्या गाडीतून नेत. दोन्ही वेळा चाल सावकाश आणि आवाज मऊ हवा. ओळीतल्या सहा सिलिंडरांचे ते जन्मजात काम. 1992 मध्ये ती लिमोझिन बंद झाली आणि एक्सकेचा प्रवास थांबला.

2008 मध्ये जॅग्वार कंपनी आपल्या टाटांनी विकत घेतली. तेव्हा आमच्याकडेही वर्तमानपत्रे हातोहात फिरली होती, आणि चर्चा सगळी किमतीची होती. आता पुन्हा कधी घरात चार की सहा हा वाद निघाला, तर कप उचलायची घाई करू नका. बसा. पायमशीन, उखळ आणि शिवणीत दाबलेले कापड, एवढ्या भांडवलावर त्या वादात तुम्हाला चांगले बोलता येईल. आणि शेवटी त्यांना पॅटचे नाव माहीत आहे का, तेवढे विचारा.